पट, हजर, गैरहजर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी, एक काळा फळा भिंतीतच बसवलेला होता. त्यावर पांढऱ्या तेलरंगाने रेघा आखलेल्या. डावीकडे इयत्ता आणि तुकडी, पुढे तीन रकाने : पट, हजर, गैरहजर. रोज पहिला तास संपला की वर्गप्रतिनिधी आपापल्या वर्गाचे आकडे घेऊन यायचे आणि विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्र्याने ते खडूने त्या रकान्यांत भरायचे. लातूरच्या त्या शाळेत १९९३ साली हे काम माझ्याकडे होतं. मी नववी ब मध्ये होतो. आमच्या वर्गाचा पट होता ५४.

निवडणूक जुलैत झाली. बुटांच्या खोक्याला वरून चीर पाडून मतपेटी केली होती. उमेदवार तिघं. मी भाषणं बरी करायचो, अक्षर चांगलं होतं, पहिल्या पाचांत नंबर असायचा. पण मला निवडून आणलं ते माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मित्राने. तो किल्लारीच्या पलीकडच्या, तेरणेकाठच्या एका गावातला. सातवीनंतर शिकायला लातूरला आला होता आणि औसा रोडला आत्याकडे राहायचा. उंच, हडकुळा, बोलायला कमी. मधल्या सुट्टीत तो पाचवी-सहावीच्या पोरांमध्ये जाऊन बसायचा. त्यांच्या भवऱ्यांना जाळी गुंडाळून द्यायचा, सायकलची उतरलेली साखळी बसवून द्यायचा. निवडणुकीच्या दिवशी त्या पोरांनी खोक्यात टाकलेल्या चिठ्ठ्या माझ्या नावाच्या असल्या, तरी त्या खरं तर त्यालाच मिळालेल्या होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या बाईंनी ते एकदा कसं घेतलं ते पुढे येईल. माझ्या कानात ते त्यांच्याच आवाजात राहिलेलं आहे, आणि तसंच राहू द्यावं असं मला वाटतं.

निवडून आल्यावर मी खातेवाटप केलं. अभ्यास, क्रीडा, सांस्कृतिक, सहल, आरोग्य, शिस्त. चांगली खाती हुशार आणि बोलक्या मुलांनी आधीच मागून ठेवली होती. शेवटी उरलं पाणी. व्हरांड्याच्या टोकाला लाकडी घडवंचीवर दोन माठ आणि खाली जमिनीत अर्धा पुरलेला एक रांजण होता. सकाळी नगरपालिकेच्या नळाला पाणी असेपर्यंत ते भरून घ्यायचे, एवढंच ते खातं. मी त्याच्याकडे वळून म्हणालो, ‘‘तू पाणी घे.’’

‘‘चालतंय की,’’ तो म्हणाला.

शपथविधीच्या दिवशी मुख्याध्यापक सर स्वामी रामानंद तीर्थांबद्दल बोलले. निजामाच्या राजवटीविरुद्ध हैदराबाद संस्थानातल्या लढ्याचं नेतृत्व करणारा हा माणूस त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला मुख्याध्यापक होता, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. सर म्हणाले, ‘‘आपल्या भागात पुढारपण शाळेतून सुरू झालंय. हातात हजेरीपट असलेल्या माणसाकडून.’’ टाळ्या झाल्या. मीही जोरात टाळ्या वाजवल्या. छातीवर मुख्यमंत्री लिहिलेला पुठ्ठ्याचा बिल्ला होता, आणि माझं सगळं लक्ष तो वाकडा तर झाला नाही ना, याकडे होतं.

त्या वर्षी ५ सप्टेंबर रविवारी आला, म्हणून शिक्षक दिन शनिवारीच, सकाळच्या शाळेत झाला. मुलांनी शाळा चालवायची. मी मुख्याध्यापक झालो. कुणी गणिताचे सर झालं, कुणी हिंदीच्या बाई. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘मी शिपाई व्हतो.’’ दिवसभर त्याने रुळाच्या तुकड्यावर टोल दिले आणि मधल्या वेळात नेहमीसारखं पाणी भरलं. मी सरांच्या खुर्चीत बसून सह्या केल्या, दोन वर्गांची पाहणी केली, फळा भरला. शाळा सुटताना सरांनी मला बोलावून विचारलं, ‘‘आज शाळेत किती जण नव्हते?’’

मी पटकन म्हणालो, ‘‘सर, एकोणसत्तर.’’

‘‘कोण कोण?’’

मला एकही नाव सांगता आलं नाही. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘फळ्यावरचा आकडा मलाही वाचता येतो रे. आले नाहीत ते कोण, आणि का आले नाहीत, हे तुला ठाऊक पाहिजे. एवढ्यासाठीच तुला निवडून दिलंय.’’

मला ते खटकलं. आलेल्या मुलांसाठी मी एवढं करतो आणि सर न आलेल्यांचं विचारतात, असं वाटलं. आज लिहितोय ते त्या एका प्रश्नाविषयी.

*

त्याचं पाणी भरणं मी एकदाच नीट पाहिलं. क्रीडा महोत्सवाच्या सरावासाठी लवकर गेलो होतो. शाळा साडेदहाची, तो पावणेदहालाच हजर. सोबत पाचवीची दोन पोरं. पावसाळ्याचे दिवस, नळाला गढूळ पाणी. त्याने माठाच्या तोंडाला धोतराचं दुपदरी फडकं बांधलं आणि त्यातून पाणी ओतलं. मग खिशातून बटणाएवढं एक चपटं, फिकट बी काढलं. दुसऱ्या माठात, तो रिकामा असतानाच, आतून पाण्याचा हात फिरवून ते बी खापरावर घासायला लागला. घासून घासून पांढरट लेप धरला तेव्हा त्याने त्यात पाणी सोडलं.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘निवळीचं बी. आजीनं दिलंय. गाळ खाली बसतो.’’

एक पोरगं ओगराळं घेऊन पुढे झालं, तर त्याने हात आडवा धरला. ‘‘आत्ता नको. दुसरी घंटा होऊ दे. पाण्याला निवळाया येळ द्यावा लागतो.’’

मी सरावाला निघून गेलो. बोलण्याच्या भरात तो कधी कधी गावचं सांगायचा, ते आम्ही अर्धवट ऐकायचो. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, किल्लारी भागात जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, भांडी हलायची. ऑक्टोबरात एक मोठा धक्काही बसला होता. तो सांगायचा की गाव कितीतरी रात्री अंगणात झोपलं. मग काही झालं नाही, थंडी पडली, लोक पुन्हा घरात गेले. आम्ही त्याला चिडवायचो, ‘‘तुमच्या गावाखाली काय रेल्वे आहे का?’’ तोही हसायचा. मोठ्या माणसांनीही ते पुरेसं मनावर घेतलं नव्हतं. दख्खनच्या या जुन्या, घट्ट खडकाला काय होणार, असाच तेव्हा समज होता. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात दाखवलेला असे.

गणपती आले. मंगळवारी, २८ सप्टेंबरला, शाळा सुटताना तो माझ्याकडे आला. ‘‘गावाला जायलो. उद्या ईसर्जन हाय.’’

शाळेच्या गणपतीची मिरवणूक बुधवारीच होती. मला राग आला. ‘‘मग आपल्या मिरवणुकीत पोरांना पाणी कोण देणार?’’

‘‘उद्याचं आत्ताच भरून ठिवलंय. तिन्ही भरले.’’

मी बघायला गेलो नाही. बरं केलंस, असं म्हणालो नाही. मुख्यमंत्र्याच्या सुरात एवढंच म्हणालो, ‘‘गुरुवारी वेळेवर ये.’’

‘‘येतो की,’’ तो म्हणाला आणि स्टँडच्या दिशेने पळाला.

बुधवारी, अनंत चतुर्दशीला, शाळा अर्धीच भरली. गावाकडची बरीच मुलं विसर्जनाला गेली होती. मी फळा भरला. तारीख टाकली, २९-९-९३. नववी ब : पट ५४, हजर ४१, गैरहजर १३.

*

त्या रात्री आम्ही उशिरा झोपलो. केसांत गुलाल तसाच होता. पहाटे जाग आली ती आवाजाने. एखादा भरलेला ट्रक भिंतीतूनच जातोय असा आवाज. फळीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली. आई ओरडली, वडिलांनी आम्हाला दंडाला धरून अंगणात ओढलं. सगळी गल्ली बाहेर. कुणाच्या हातात लेकरू, कुणाच्या हातात नुसतीच उशी. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ आमच्या भागात आजही कुणाला पाठ करावी लागत नाही.

उजाडताना शब्द आला, ‘किल्लारी गेली.’ एवढं मोठं गाव जातं कसं, हे कुणालाच समजेना. मग ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यायला लागले आणि सरकारी दवाखान्याच्या आवारात माणसं उतरवली जाऊ लागली. त्यांच्या अंगावर रक्तापेक्षा माती जास्त होती. त्या भागातली घरं माळवदाची. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या काळ्या दगडांच्या भिंती, दगडांमध्ये नुसता चिखल, वर लाकडी खणांवर मातीचे जाड थर. उन्हाळ्यात थंडगार राहणारी ती घरं झोपेतल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पार मोडली. गेलेल्यांचा आकडा कुणी आठ हजाराच्या घरात सांगतं, कुणी दहा हजाराच्या. मागोमाग पाऊस लागला. त्या पावसात दगड उपसायचे, आणि त्याच पावसात सरणं पेटवायची.

दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना बोलावलं. भाषण नव्हतं, सूचना नव्हत्या. आम्हाला गल्ल्या वाटून दिल्या. दारोदार जाऊन भाकरी गोळा करायच्या, दहा-दहाच्या चवडी करून कागदात बांधायच्या, वर मिरचीचा ठेचा. गंजगोलाईच्या आसपासच्या कुठल्याही घराने ‘नंतर या’ म्हटलं नाही. चुली दिवसभर पेटलेल्या होत्या. मी पोती बांधत होतो आणि प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे बघत होतो. गाड्या किल्लारीकडून येत होत्या. त्यातल्या कशात तरी तो असेल, इथे उतरेल आणि म्हणेल, ‘‘आलो की.’’

तिसऱ्या दिवशी त्याच्या आत्याचे यजमान गावाहून परतले. त्यांनी आमच्या वर्गशिक्षिका बाईंना सांगितलं, बाईंनी आम्हाला. तो, आजी, आई. तिघं एकाच खणाखाली. वडील ज्वारीच्या राखणीला शेतात झोपले होते. धाकटा भाऊ हट्ट करून त्यांच्यासोबत गेला होता. ते दोघं वाचले.

*

शाळा पुन्हा भरली तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. फळ्यावर तारीख तशीच, २९-९-९३. पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या दोन ओळी ओघळल्या होत्या, पण नववी ब ची ओळ शाबूत होती. पट ५४, हजर ४१, गैरहजर १३.

त्या तेरांतले बारा परत आले होते.

मी डस्टर हातात घेऊन उभा राहिलो. तो तेराचा आकडा मीच लिहिला होता. तेव्हा त्यातला एक कोण आणि बाकीचे कोण, असा फरक माझ्या मनातही नव्हता. त्या दिवशी तो होता. त्याच्या गावात, नदीकाठी, मिरवणुकीत नाचत. माझ्या रकान्यात तो गैरहजर होता आणि जगात हजर होता. आता ते पुसलं तर नवा आकडा लिहावा लागणार, आणि त्यातली गैरहजेरी वेगळी असणार.

किती वेळ गेला माहीत नाही. सर मागे येऊन उभे राहिले. ‘‘पूस,’’ ते म्हणाले. मी पुसलं. ‘‘आता आजचं लिही.’’

‘‘सर, पट त्रेपन्न लिहू?’’

‘‘चोपन्नच लिही. पटावरून नाव काढायचं ते वर्षाअखेर बघू.’’

त्या वर्षी एप्रिलपर्यंत नववी ब चा पट ५४ राहिला. सगळा वर्ग आला तरी गैरहजरच्या रकान्यात एक असायचाच. तो एक मी रोज माझ्या हाताने लिहिला. एकदा दुसऱ्या वर्गाच्या एका मुलाने विचारलं, ‘‘तुमच्यातलं रोज कोण येत नाही रे?’’ या वेळी मला नाव सांगता आलं.

वर्गात बाई हजेरीला बसल्या. आमच्याकडे नंबरांची हजेरी असायची. एक, दोन, तीन, मुलं ‘हजर’ म्हणत जायची. बावीस झाला. बाई थांबल्या. चोविसाव्या मुलानेही तोंड उघडलं नाही. पंख्याचा आवाज, बाहेर पाचवीची कविता. बाईंनी त्याचं नाव घेतलं. नंबर नाही, नाव. हाक मारल्यासारखं नव्हतं, विचारल्यासारखंही नव्हतं. घरात एखाद्या माणसाचा विषय निघावा तसं, सहज, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. मग हजेरीपट मिटला आणि शिकवायला उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नंबर घेणं सोडलं. रोज चोपन्नांतल्या त्रेपन्नांची नावं घ्यायच्या. नंबर घेतले की बावीस आणि चोवीसमधली पोकळी ऐकू यायची. नावांमध्ये ती ऐकू येत नाही. एक नाव संपतं, दुसरं सुरू होतं. त्रेपन्न मुलांना रोज त्या खड्ड्यात पडू द्यायचं नाही, म्हणून त्या माउलीने स्वतः दहा मिनिटं जास्तीचा घसा झिजवला.

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला पाचवीची दोन पोरं वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ‘‘दादा, माठात पाणी नाही.’’

त्याने मंगळवारी भरून ठेवलं होतं, बुधवारी संपलं होतं. मधल्या दिवसांत कुणाला आठवणच नव्हती. मी बादली घेतली, नळ गेलेला, शेजारच्या वाड्यातून पाणी आणलं आणि माठ भरला. पाणी गढूळ. पोरं प्यायली, तोंडं वाकडी केली. मग मला ते बी आठवलं. मागच्या खिडकीच्या कोनाड्यात ते होतं. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने घासून घासून सपाट झालेलं. मी ते हातात घेतलं. किती घासायचं, किती वेळ थांबायचं, मला काहीच येत नव्हतं. शिपाईकाकांनी शिकवलं. शिकवताना ते एकेक सांगत गेले. रांजणाचं पाणी तो खास पाचवीच्या पोरांसाठी राखायचा, कारण घडवंचीवरच्या माठापर्यंत त्यांचा हात पुरत नसे. ओगराळं तो रोज राखेने घासायचा. ताप आलेल्या पोराला वेगळं पितळी फुलपात्र द्यायचा, ते त्याने आत्याकडून आणलं होतं. तीन महिने मी त्या शाळेचा मुख्यमंत्री होतो आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं. माझं मंत्रिमंडळ ज्याच्या हातावर उभं होतं, त्याला मी उरलेलं खातं दिलं होतं.

सरांनी विचारलं, ‘‘नवा पाणीमंत्री कोण करायचा?’’ मी म्हणालो, ‘‘मी भरीन, सर.’’ दुसऱ्या दिवसापासून पावणेदहाला जायला लागलो.

*

जानेवारीत बाई आणि सर त्याच्या वडिलांना भेटायला निघाले. मलाही सोबत घेतलं. औसा, लामजना, मग पुढे जीप. जुनी गावं म्हणजे काळ्या दगडांचे ढीग. मधेच एखादी चौकट उभी, एखादं जातं, उलटा पडलेला पाळणा. लोक बाहेर माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. वडील शेडच्या दाराशी बसले होते. धाकट्याबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं. भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती, भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथांनी. त्यांत तोही गेला होता. ‘‘शिकंल तिकडं,’’ ते म्हणाले. ‘‘हितं काय बघंल?’’

बाईंनी पिशवीतून त्याची पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका काढून दिली. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि पहिल्या पानावरच्या नावाच्या जागी बोट ठेवून विचारलं, ‘‘ह्ये त्याचं?’’ बाई ‘हो’ म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तूच का त्यो, मंत्र्याचा मोठा?’’

मला कळेना.

‘‘गणपतीला आला तवा सगळ्या गावाला सांगत फिरला. पाणीमंत्री झालोय म्हणून. आजीला म्हणला, सगळी शाळा माझ्या हातचं पाणी पिती. तवापासनं मंत्रीच म्हणायचो आम्ही त्याला.’’ ते थांबले. ‘‘दोन दिस.’’

मी काही बोलू शकलो नाही. जे मी हातातलं उरलंसुरलं म्हणून त्याच्याकडे टाकलं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं होतं आणि आपल्या घरी, आपल्या माणसांत नेऊन ठेवलं होतं. त्याच्या आयुष्यातलं शेवटचं कौतुक माझ्या एका बेफिकीर वाक्यातून निघालं होतं. ते वाक्य मी थोडं तरी नीट बोललो असतो! त्याच्याकडे बघून, ‘हे काम तुलाच जमेल’ असं म्हणालो असतो!

निघताना मी खिशातून निवळीचं बी काढून त्यांच्यापुढे धरलं. आजीने दिलेलं, त्यांच्याच घरातलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, सपाट बाजूवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा माझ्या तळहातावर ठेवलं. ‘‘ठिव. शाळंत लागंल.’’

लागलं. रोज लागलं. मार्चमध्ये ते चिमटीत धरता येईनासं झालं आणि वार्षिक परीक्षेच्या आत झिजून पाण्यात मिसळून गेलं. त्याची आठवण म्हणून माझ्याकडे कुठलीही वस्तू नाही. जी होती ती शाळेने पिऊन टाकली. विचार करतो तेव्हा तेच बरोबर वाटतं.

*

भूकंपाच्या पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने विद्यापीठ झालं. त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन मी शिक्षक झालो आणि अहमदपूर, लोह्यावरून जाणाऱ्या एसटीने नांदेडला आलो तो इथलाच झालो. सर गेले, बाई गेल्या. लातूरचं नाव मात्र राज्यभर झालं. ‘लातूर पॅटर्न’ म्हणत लांबलांबची मुलं तिथे शिकायला येतात. निकालाच्या दिवशी पहिला कोण, दुसरा कोण, याचे फलक चौकाचौकात लागतात. कोण आलं, हे त्या शहराने फार चांगलं मोजलं. मला त्याच शहराने कोण आलं नाही, ते मोजायला शिकवलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात आईवडिलांकडे गेलो होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर ही गर्दी. इंजिनाला हार, घोषणा, कुणाकुणाचे फलक. मी गर्दीच्या मागे उभा होतो. वाघिणींना नळ्या जोडणारी माणसं पलीकडच्या बाजूला वाकून काम करत होती. घोषणा त्यांच्यापर्यंत पोहोचत होत्या की नाही, कोण जाणे. मी त्यांच्याचकडे बघत राहिलो. त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, लगेच देऊ नका, निवळू द्या.

माझ्या शाळेतही मंत्रिमंडळ असतं. निवडणूक झाली की खातेवाटप मुलंच करतात. मी एकच नियम ठेवलाय : पहिलं खातं पाण्याचं. ते घ्यायला कोण उभं राहतं ते आधी बघायचं, बाकीची नंतर वाटायची. यंत्रातून गाळलेलं पाणी येतं आता, घासायला काही उरलेलं नाही. तरी टाकी धुवावी लागते, तोट्या बघाव्या लागतात, लहान मुलांचा हात पुरतो का हे बघावं लागतं. आणि हजेरी मी नावाने घेतो.

१० जुलै २०२४ च्या सकाळी, सव्वासातच्या सुमारास, नांदेडमध्ये जमीन हलली. हिंगोलीकडचा ४.५ चा धक्का. चहाचा कप बशीवर वाजला, एवढंच. शेजारी बाहेर आले, हसले, फोनवर बोलू लागले. मी चपला घातल्या आणि शाळेत गेलो. हजेरीपट उघडला. माझ्या वर्गात तीन नावांना उत्तर आलं नाही.

वर्गाला वाचायला लावलं आणि व्हरांड्यात उभा राहून एकेका घरी फोन केला. पहिल्याला ताप होता. दुसरी आजोळी गेली होती, आजीने फोन तिच्याच हातात दिला. तिसऱ्या घरचा फोन कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. वर्गातून मुलांच्या वाचनाचा आवाज येत होता. पाचव्यांदा त्याच्या वडिलांनी उचलला. ‘‘सर, शेतात व्हतो. पोरगं हितंच हाय, माझ्याजवळ. का वो सर, काय झालं?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आला नाही, म्हणून विचारलं.’’

मग आत गेलो आणि फळ्यावर गैरहजरसमोर ३ लिहिलं. खाली, कंसात, तिघांची नावं.